बाबाच्या तळपायावर शिकलेला हात

पायाच्या कामात माह्यावानी हलका हात बल्लारपूरपासून पार सिरोंच्यापर्यंत दुसऱ्या कोनाचा झाला नाई. असं आजवर एकाच मानसानं म्हटलं, तो माहा बाप, अन् त्याच्या पायाले तापला तवा अन् थंडा तवा सारखाच लागे.

मी नथ्थू न्हावी. शाळा दुसरीपर्यंत. नापास होऊन निंगालो असतो तरी थोडी इज्जत होती, तेबी नाई झालं. गुरुजीनं एक दिवस सांगतलं, "जा बे नथ्या, बापाले बोलावून आन, दाढी वाढली माही." मी बोलवाले गेलो अन् घरीच राह्यलो. गुरुजीची दाढी होऊन गेली, माही शाळा राहून गेली. म्हून हे जे तुमी वाचून राह्यले ते मी बोललो अन् नातीनं लिहिलं. ती नागपुरात नर्सिंग शिकते. मंदी मंदी भाषा सुदरवाले पाह्यते, तं मी तिले म्हनतो, बाई, अक्कल माही नोती, चुका तरी माह्या राहू दे.

आमचं घर गावाच्या शेवटाले, तिथून जंगलच सुरू होये. सकाळचा पयला आवाज वस्तऱ्याचा. बाबा खांबाले चामड्याचा पट्टा बांधे अन् त्याच्यावर वस्तरा फिरवे, सप-सप, सप-सप. माय म्हने का कोंबडा एखांद्या दिवशी इसरन, पन हा पट्टा नाई इसरत. मंग मायचं उखळ सुरू होये. भात, लाखोळीची दाळ, अंबाडीची भाजी, अन् बाजाराच्या दिवशी सुकट. सुकट चुलीवर भाजली का शेजारचं मांजर आमच्या घरचं होऊन जाये. बाबा जेवाले बसला का उजवा पाय दुमडे अन् डावा लांब ठेवे. माय त्या डाव्या पायाजवळ भाताचा गरम गंज कधी ठेवत नोती, मले बी ठेवू देत नोती. मले वाटे बापाचा मान हाय म्हून. चालता चालता बाबाची डाव्या पायातली चप्पल मांगंच राहून जाये अन् बाबा वीस पावलं पुढं निंगून जाये, त्याले पत्ताच नाई. रस्त्यावरचे लोक हासत. त्यायच्यात सगळ्यात जोरात मी हासो. आता त्या हासन्याची याद आली का जेवन गोड लागत नाई, पन तेव्हा आपन अठरा-एकोनीस वर्साचे होतो, अन् आपल्याले सगळंच समजते असं आपल्याले वाटे.

आमच्या धंद्यात वरून खाली उतरंड असते. डोस्कं सगळ्यात वर, ते बाबाचं. लग्नातल्या नवरदेवाची दाढी बी बाबाची. खाली उतरत उतरत जे पाय राहत ते माहे. अन् इकडचे पाय म्हनजे काय सांगू! तेंदूपत्त्याच्या दिवसात लोक पहाटेपासून जंगलात. काटा, बांबूची फास, टाचेले भेगा अशा का त्याच्यात चवन्नी हरपन, तळव्याले कुरूप. काटा कोनीबी काढते. कुरूप काढनं न्हाव्याचं काम. वस्तऱ्यानं पापुद्रा पापुद्रा कापत जाचं, अन् बुड दिसलं का बिब्बा सुईले टोचून दिव्यावर धराचा. तेल सुटते, ते थेंब थेंब त्या जागेवर सोडाचं. चटका असा बसते का वाघाच्या तोंडून सुटलेला मानूस बी तिथी रडते. चार जन धराले लागत.

हे सगळं मी शिकलो बाबाच्या तळपायावर. दुपारी गिऱ्हाईक सरलं का बाबा मोहाच्या झाडाखाली बसे, डावा पाय माह्या मांडीवर टाके, बिडी पेटवे अन् डोळे मिटे. त्या पायाले अंगठ्याखाली भलं जाड कुरूप होतं. मी कापत राहो. कधी वस्तरा खोल जाये, रक्त ये. "लागलं का, बाबा?" मी इचारो. बाबा धूर सोडे. "कुठी? हलका हात हाय बे तुहा." बस. माही तारीफ कराची बाबाकडं तेवढी एकच जागा होती. बाकी मी भात जास्त खातो, कामात ध्यान नाई, डोस्कं भादरतो का शेन थापतो, हे दिवसभर चाले. म्हून मी रोज दुपारची वाट पाहो. दुसऱ्याचा पाय हाती आला का आवाज वेगळाच निंगे. बुधाजी भाऊ म्हनून आमचे जुने गिऱ्हाईक, शेतकरी मानूस, ते तं पयल्या पापुद्र्यालेच बोंबलत, "मेलो, मेलो बे नथ्या! बैलाले नाल ठोकून राह्यला का?" अन् मी त्यायले सांगो, "तुमचाच पाय कच्चा हाय, भाऊ. माह्या बापाले पाहा, झोप लागते त्याले."

त्या उनाळ्यात बुधाजी भाऊनंच खबर आनली. सात-आठ मैलावर एक छोटा दवाखाना होता, मिशनवाल्यायचा, महारोग्यायसाठी. तिथी विलायतेवरून एक बाई आली म्हने. "लोकायचे पाय धुते. मांडीवर घेऊन कुरूप कापते. अन् फुकट," बुधाजी भाऊ म्हनाले. "आता तुह्या पोटावर गोरा पाय आला, नथ्या." मी तिथीच ठरवलं, जाऊन पाहाचं. अन् पटलं नाई तं तिले सांगाचं का बाई, हे काम आमच्या घरचं हाय.

गेलो. पडवीत पाचपन्नास मानसं पाय लांब करून बसली होती. ती बाई खाली लहान पाटावर बसलेली, नाव एल्सी बाई, वय माह्या मायएवढं, हातात पातळ पात्याचा चाकू. मी तिच्या मांगं उभा राहून तपासनी केली. मले अजब वाटलं ते हे का कोनीच ओरडत नोतं. ती एकेकाले एकच गोष्ट इचारे अन् सगळे एकच जबाब देत, "दुखत नाई." सिरोंच्याकडची एक म्हातारी होती, तिच्या तळव्याले लिंबाएवढं भोक, अन् ती आपल्या तेलुगूत म्हने, "नोप्पी लेदु." मी बाजूच्याले इचारलं, तं तो म्हनाला का ती बी तेच म्हनते, दुखत नाई. मी मनात म्हटलं, दुखतच नाई तं हे सगळे इथी मेल्याच्या घरी बसल्यावानी काऊन बसले?

एल्सी बाई मराठी पुस्तकातून शिकून आली होती. आमच्या गावचं कोनी तशी मराठी बोललं असतं तं लोक तहसीलदार समजून उठून उभे राह्यले असते. "आपण कोण? आपल्या पायांस काय होते?" मी छाती काढून सांगतलं का मले काई नाई होत, मी बी पायाचाच मानूस हाय, तुमच्याच धंद्यातला. ती हासली नाई. माहा वस्तरा मांगतला, धार पाह्यली, अन् म्हनाली, "उत्तम." आयुष्यात माह्या कोन्या वस्तूले 'उत्तम' कोनी म्हटलं नोतं. मी तिथीच फुगलो. चहा पेता पेता मी इचारलं का हे काम तुमी कोनापाशी शिकल्या. तिनं सांगतलं का तिच्या देशात याचं कॉलेज हाय. तीन वर्षं. मंग परीक्षा, मंग सरकारी वहीत नाव, मंग दारावर पितळी पाटी, अन् मंग कोन्या मानसाच्या पायाले हात.

"तीन वर्षं?" मी म्हटलं. "पायाले बोटं तं दहाच हायत, बाई!"

"एका पायात सव्वीस हाडे आहेत," ती म्हनाली. "आपण किती मोजली?"

मी विषय बदलला. म्हटलं, मंग तिकडं तुमची लय इज्जत असन. तेव्हा ती हासली. म्हने तिकडं बी मोठे डॉक्टर पायवाल्याले जरा खालच्या पाटावरच बसवतात, पन चाकू त्याच्या हातातून कोनी घेत नाई. इथी मात्र तिच्या कागदाले कोनी ओळखतच नोतं. या देशात असा डॉक्टर होतच नाई, तं त्याचा कागद कुठला? हप्त्यातून एकदा, गुरुवारी, डॉक्टर साहेब जीपनं येत. वरची मेली चामडी तिनं कापली तं चाले, पन चामडीच्या खाली चाकू न्याचा तं तो त्यायनंच. "येथे मी चपलांची बाई आहे," ती म्हनाली अन् काळ्या रबराच्या चपलायच्या ढिगाकडं बोट दाखवलं. नात आता मले मोबाईलमंदी तिकडच्या पायाच्या डॉक्टरायचे दवाखाने दाखवते, खुर्ची अशी का आपला सरपंच बी एवढ्या मोठ्या खुर्चीत बसला नसन. तेव्हा मले एवढंच समजलं का विलायतेत कुरूप कापाले कागद लागते अन् आमच्याकडं बाप लागते, अन् दोघायत मी वरचढ.

म्हून मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, "बाई, तुमी कॉलेजात शिकल्या, मी माह्या बापाच्या पायावर शिकलो. चार वर्षं झाले. वस्तरा लावा, बिब्बा लावा, एक डाव बाप हूं का चूं करत नाई. आत्ता परवाच बिब्बा देला त्याच्या अंगठ्याखाली, चांगला दहा-बारा थेंब. बिडी पेत राह्यला. असा हात हाय!"

एल्सी बाईनं कप खाली ठेवला. तिचं तोंड उतरलं. मले वाटलं, जळली.

"काहीच बोलले नाहीत?"

"काईच नाई."

तिनं कोपऱ्यातून कोंबडीचं पीस आनलं. मले डोळे मिटाले लावले, चप्पल काढाले लावली, अन् माह्या तळव्याले पीस लावलं. "कोठे?" मी बोट ठेवलं. परत लावलं, परत ठेवलं. मंग तिनं ते पीस माह्या हाती देलं. "वडिलांना असे विचारा. आजच. आणि त्यांना येथे घेऊन या." अन् मंग पडवीतल्या त्या लायनीकडं पाह्यलं. मी बी पाह्यलं. दुखत नाई, दुखत नाई, नोप्पी लेदु. ते सात-आठ मैल मी कसा आलो ते मले सांगता येत नाई. उन्हात पाय पोळत होते, अन् दर पावलाले मी म्हनो, पोळू दे, पोळू दे.

बाबा मोहाखाली बसला होता. मी म्हटलं, नवा खेळ शिकून आलो, डोळे मीट. बाबानं माह्या हातातलं पीस पाह्यलं. बिडी इझवली. मंग मिटले. मी पायाले गुंडाळलेली चिंधी सोडली. बिब्ब्याच्या जागी मोठा फोड येऊन फुटला होता, अन् त्याचा वास येऊन राह्यला होता. मी टाचेले पीस लावलं. "कुठी लागलं, बाबा?" बाबानं बोटाकडं हात नेला. "इथी." मी तळव्याले लावलं. "इथी," घोट्यापाशी. मंग मी पीस मांगंच घेतलं. हातच लावला नाई. "आता?"

"हो. लागलं," बाबा म्हनाला.

माय उखळापाशी उभी होती. मुसळ थांबलं होतं. तिनं पदर तोंडाले लावला, तेव्हा मले समजलं का या घरात हे न समजनारा मी एकटाच होतो. गरम गंज दूर काऊन ठेवे, चप्पल मांगं काऊन राहे. बाबानं डोळे उघडले नाई. म्हनाला, "कोनाले सांगू नको. न्हाव्याले महारोग हाय असं समजलं, तं या गावात गाल कोन देईन आपल्याले?"

हे खोटं नोतं. मानूस आपली मान उघडी करून आमच्यापुढं बसे, तो भरवशावर बसे. म्हून बाबा दवाखान्यात गेला नाई. मी रोज समजावलं, माय रडली, बाबा फडकं घट्ट बांधून डोस्के भादरत राह्यला. मी त्या पायावर काय काय केलं! हळद लावली, कडुनिंब लावला, बुधाजी भाऊच्या म्हशीच्या खुराले लावाचं औषध चोरून लावलं. देवाले कोंबडं बोललो, दोन कोंबडे बोललो. जे जाळलं ते मीच जाळलं होतं, अन् ते इझवाची रीत मले कोनी शिकवली नोती. पंधरा दिवसात पाय सुजून मडक्यावानी झाला, अंगठ्याजवळचं बोट काळं पडलं, अन् एका सकाळी पट्ट्याचा आवाज आला नाई. कोंबडा आरवला, पट्टा नाई. बाबा तापानं फनफनून राह्यला होता अन् मायले आपली आई समजून बोलत होता.

बुधाजी भाऊची बैलबंडी मांगतली. कुठी जाऊन राह्यले ते सांगाच लागलं. भाऊनं बंडी देली, बैल जुपून देले, पन बाबाले उचलाले हात नाई लावला. मले ते तेव्हाच दिसलं. बंडीत भाताच्या तनसावर बाबा, उशाशी माय, मी बैल हाकत. खड्ड्यातून बंडी आदळली का माय ओरडे, "हळू, त्याले लागन!" अन् मंग तिलेच आठवे, अन् ती गप होये.

तो गुरुवार होता. डॉक्टर साहेबानं पाय पाह्यला, काळं बोट दाबलं, नाकाले रुमाल लावला. वाईट मानूस नोता तो. तीस-चाळीस गावं एकटा फिरे, असे पाय रोज पाहे. "गुडघ्याखालून काढावा लागेल," तो म्हनाला. "इथे सोय नाही, आणि आज जीप उलट्या दिशेला, पुढच्या गावांना जाते. पुढच्या गुरुवारी जीपमधून मोठ्या दवाखान्यात नेतो. तोवर इंजेक्शन चालू ठेवा." एल्सी बाई म्हनाली का पाय वाचू शकते, मेलेलं मांस अन् मेलेलं हाड काढलं, साफ करून पलस्तर केलं, तं पाय जगन. तिनं अशे पाय पाह्यले हायत. डॉक्टर तिले इंग्रजीत बोलला. मले इंग्रजी येत नाई, पन न्हाव्याले लोकायचे तोंडं वाचता येतात. कम्पाउंडरनं मंग सांगतलंच, "साहेब म्हनाले, तुमी डॉक्टर नाई. पाय राखाच्या नादात मानूस गेला तं जबाब मले द्या लागन, तुमाले नाई." जीप गेली. धूर राह्यला.

मी एल्सी बाईपुढं पडलो. खरंच पडलो, तिच्या पायावर, अन् आजबी मले हासू येते का पायाच्या डॉक्टरनीच्या पायावर पडलो तं ती माह्या तोंडाकडं नाई, माह्या तळव्याकडं पाहून राह्यली होती. म्हटलं, "बाई, कापा ना. तीन वर्षं शिकल्या ना तुमी!"

"मला परवानगी नाही," ती म्हनाली. "येथे माझा कागद नाही. मी चाकू लावला तर मला परत पाठवतील. मग या सर्वांना कोण?" तिनं पडवीकडं हात केला. "पुढच्या गुरुवारपर्यंत हे विष वर चढेल."

मी बसलो होतो तिथीच. खिशात वस्तरा होता, तो मांडीले टोचून राह्यला होता. अन् मले एकदम सुचलं. जिंदगीत मले दोन-तीनच गोष्टी सुचल्या असतीन, त्यातली हे एक. म्हटलं, "बाई, तुमच्यापाशी कागद हाय म्हून तुमाले मनाई हाय. माह्यापाशी कागदच नाई. मले कोन परत पाठवन? घरीच ना?"

तिनं पान्याचं भांडं चुलीवर ठेवलं. मंग म्हनाली, "वस्तरा उकळा."

तिनं आपले दोन्ही हात मांगं बांधले. खरंच बांधले, एका हातानं दुसरं मनगट धरून, पूर्ण वेळ. अन् तोंडानं सांगत गेली. येथे. नाही, थोडे वर. पांढरे आहे ते मेलेले. लाल आले की थांबा. रक्त चांगले, रक्त आले की आनंद माना. चार वर्षं मी त्या पायावर सफाई दाखवली होती, अन् त्या दिवशी माहा हात असा कापे का माय बोलली, "मी धरू का तुह्या हाताले?" बाबा अर्धा शुद्धीत, अर्धा नाई. अंगठ्याखाली आत एक हाडाचा तुकडा सैल झाला होता, चिंचोक्याएवढा. तो चिमट्यानं बाहेर आला तेव्हा बाई म्हनाली, "सव्वीसपैकी एक." काळं बोट गेलं, बाजूचं बी गेलं. मी काय कापून राह्यलो ते मले समजे, तिनं सांगतलेलं समजे, अन् तिसरं एक समजे का बाबा काईच म्हनत नाई. बिडी नोती तरी नाई. ज्या गप राहन्यावर मी चार वर्षं मिशीले ताव देला, ते गप राहनं आता मले खाऊन राह्यलं होतं. मनात म्हनत होतो, ओरड ना बाबा. बुधाजी भाऊवानी ओरड. शिवी दे.

जखमेचा एक फाटा घोट्याकडं गेला होता. मी त्याच्या मांगं मांगं वर गेलो. "हळू," बाई म्हनाली, "कदाचित तेथे बधिरतेची सीमा असेल." वस्तऱ्याचं टोक जरासंच लागलं असन.

"आगाई गं!" बाबा ओरडला. पाय वढून घेतला. "मारते का बे भडव्या!"

मी वस्तरा टाकला अन् रडाले लागलो. माय रडाले लागली. एल्सी बाईनं बांधलेले हात सोडले अन् डोळे पुसले. दवाखान्याच्या इतिहासात एका मानसाले दुखलं म्हून तीन जन खुश होऊन रडले असं तेव्हाच झालं असन. बाई म्हनाली, "थांबा. येथून पुढे ते जिवंत आहेत."

पलस्तर तिनं आपल्या हातानं केलं. ताप चवथ्या दिवशी उतरला. गुरुवारी डॉक्टर साहेबानं इचारलं का हे कोनी केलं. बाई काई बोलाच्या आत मी पुढं झालो. "मी, साहेब." "तू कोण?" "न्हावी." डॉक्टर माह्याकडं पाहे, पलस्तराकडं पाहे. बाई म्हनाली का पलस्तर हे तिनं केलं, अन् ते औषध नव्हे, पादत्राण होय, अन् पादत्राण तिच्या कामात बसते. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "ताप नाही ना? मग राहू द्या," तो म्हनाला. "न्हाव्यावर मी काय कारवाई करणार? पण बाई, हे पुन्हा नको." जाताना बाबाच्या पलस्तरावर त्यानं बोटानं टकटक केलं, दरवाजा वाजवल्यावानी.

पाय राह्यला, गाव गेलं. आमी परत आलो तं मोहाखालच्या गिऱ्हाइकाच्या फरशीवर कोनी बसाले तयार नाई. चार दिवस बाबा पलस्तर घेऊन, पेटी उघडून बसला. पट्टा सप-सप वाजे, ऐकनारा कोनी नाई. मी म्हटलं, मले तं रोग नाई, माह्याकडून करा. बुधाजी भाऊ बाजूनं जाता जाता खाली पाहून म्हनाले, "राग नको मानू, नथ्थू. मी आताशी तालुक्याले करतो दाढी." नथ्याचा नथ्थू झालो तेव्हाच समजलो का आता या गावाचे आपन पाहुने. पुढं बल्लारपूरले गेलो, पेपर मिलच्या लोकायच्या दाढ्या केल्या, तिथी कोनी बाबाचा पाय इचारला नाई. पन ते पुढचं. ते चार दिवस बाबा ज्या रिकाम्या फरशीकडं पाहत बसला होता, ती फरशी मले आजबी दिसते. आता मलेबी शुगर हाय. रोज आंघोळ झाली का दाढीचा आरसा खाली ठेवून दोन्ही तळवे पाहतो. नात म्हनते, आजोबा, हे लय चांगली सवय हाय, कुठून शिकले? मी सांगतो, विलायतेच्या कॉलेजातून, माह्या बापाच्या खर्चानं.

तं त्या पलस्तराचं सांगाचं राह्यलं, दीड-दोन महिन्यानं ते काढाचं होतं. पडवीत तीच लाईन, सिरोंच्याची म्हातारी बी, आता तिच्या पायात बी पलस्तर. बाईनं पलस्तर कापलं. आतून पाय निंगाला, बारीक, पांढरा, सालपटं निंगालेला, दोन बोटं कमी, पन जखम बुजलेली. बाईनं काळ्या रबराची चप्पल घातली, मांगून पट्टा लावला, म्हनजे मांगं राहनार नाई. बाबा उभा राह्यला. चार पावलं चालला. चप्पल संगं गेली.

अन् मी? मी सुदरलो असन असं तुमाले वाटलं का? मी त्या लायनीतल्या लोकायकडं वळलो अन् सुरू झालो. का बाईनं फक्त तोंडानं सांगतलं, कापलं मी. का डॉक्टर गुडघ्याखालून पाय काढत होता. का माहा हात पयलेपासूनच हलका, माहा बापच म्हने, चार वर्षं रोज म्हने, इचारा पाहिजे तं. "सांग ना, बाबा!"

बाबा पाटावर बसला. आपल्या पायाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"दुखत नोता म्हून तं तुह्या हाती देला होता," बाबा म्हनाला. "दुखत असता तं तुले कोंबडीचा पाय बी धरू देला नसता."